येनटोल्याची कचराटंचाई

कोणत्याही समाजाची प्रगती त्याने काय मिळवलं यावरून ठरत नाही, काय टाकून दिलं यावरून ठरते. ज्या घरातली कचऱ्याची बादली दुपारच्या आत भरून वाहते ते घर खाऊनपिऊन सुखी समजावं. बादली आठवडाभर रिकामी राहिली तर त्या घराची शासनाने चौकशी करावी. शहरांना हे फार पूर्वी उमगलं. म्हणून त्यांनी आपल्या प्रगतीचे ढिगारे वेशीवरच रचून ठेवले आहेत, येणाऱ्याला आधी त्यांचं दर्शन घडतं आणि मगच बसस्टँड लागतो.

धानोऱ्याकडच्या जंगलातल्या येनटोल्याला मात्र हे कोणी सांगितलंच नव्हतं. कचऱ्याच्या बाबतीत हे गाव कमालीचं मागासलेलं होतं. भाजीची सालं शेळ्या खायच्या. जेवणावळी पळसाच्या पत्रावळींवर उठायच्या आणि त्या पत्रावळी उकिरड्यावर पडून पावसाळ्यात खत म्हणून धानाच्या बांधीत जायच्या. चुलीच्या राखेने भांडी घासली जायची. लुगडं फाटलं की त्याची गोधडी व्हायची, गोधडी फाटली की पोतेरं. जी लुगडी एवढ्या लवकर निवृत्त व्हायला तयार नसत ती रानडुकरांना भिववायला शेताभोवती बांधली जात. शाम्पूच्या पुड्या दोरीत ओवून धानावर टांगायच्या म्हणजे वाऱ्याने चमकतात आणि पाखरं उडतात. तेलाच्या डब्याचा पत्रा छपराच्या भोकाला. थोडक्यात, वस्तू एकदा गावात शिरली की तिची सुटका नव्हती.

अशा या गावाच्या सरपंच होत्या इंदुताई. त्यांना पंधरवड्यात एकदा तालुक्याच्या बैठकीला जावं लागे, आणि बैठकीला जायचं म्हणजे नाला ओलांडावा लागे. येनटोला आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक नाला होता आणि त्यावर पूल नव्हता. उन्हाळ्यात त्यातून ट्रॅक्टर जायचा, हिवाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून माणूस जायचा आणि पावसाळ्यात फक्त नाला जायचा. त्यामुळे आषाढ ते भाद्रपद गावात कोणी आजारी पडू नये असा नियमच होता आणि बहुतेक लोक तो पाळत. मंगलीने तेवढा मोडला. मागच्या आषाढात तिला दिवसाढवळ्या कळा सुरू झाल्या, चौघांनी तिला खाटेवर घालून काठापर्यंत नेलं आणि पाणी उतरायची वाट बघता बघता तिथंच पोरगं झालं. इंदुताई तिच्या डोक्यावर छत्री धरून उभ्या होत्या. मायलेकरं वाचली. (जन्माच्या नोंदीत ठिकाण काय लिहावं हा प्रश्न काही दिवस गाजला. शेवटी 'नाल्याच्या अलीकडे' असं ठरलं.)

हे प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण त्याची बातमी बल्लारपूरला पोचली. बल्लारपूरला इंदुताईंची एकुलती एक लेक, दिव्यानी, दिलेली होती. तिला आता दिवस गेले होते, श्रावणातली तारीख होती, आणि पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत. तिच्या सासूने फोनवर फार नम्रपणे सांगितलं, "ताई, रीत आमाले बी मान्य हाय. पन पोरीले नाल्याच्या अलीकडं बाळंत होऊ द्याचं नाई आमाले. पूल होइन तं खुशाल पाठवतो." इंदुताईंना राग आला असता तर बरं झालं असतं. पण सासूचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर बोलणाऱ्या विहिणीवर रागावणं फार अवघड असतं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं की काय वाट्टेल ते झालं तरी मृगाआधी पूल व्हायला हवा. दिव्यानीच्या बाळाला पहिलं न्हाऊ आपण घालायचं, हे त्यांनी लेकीच्या लग्नातच मनाशी ठरवून ठेवलं होतं.

पुलाची मागणी तशी जुनी होती. कार्यालयं बदलली, साहेब बदलले, अर्जावरच्या गावकऱ्यांपैकी निम्मे देवाघरी गेले, पण मागणीला धक्का लागला नाही. यंदा मात्र एका भल्या साहेबांनी इंदुताईंना बसवून घेतलं आणि मार्ग सांगितला. 'चक्रीय समृद्ध ग्राम' नावाचं नवं अभियान आलं होतं. कचरा टाकायचा नाही, फिरवत राहायचा, वस्तूतून वस्तू काढायची, असा त्याचा उदात्त हेतू होता. या अभियानात जे गाव तारांकित ठरेल त्याची इतर कामं आपोआप वर सरकणार होती. पुलाचंही तसंच.

"मंग तं आमचं होऊन गेलं," इंदुताई म्हणाल्या. "आमच्या गावात कचरा नाईच जी."

साहेबांचा चेहरा उतरला. मृत्यूची बातमी ऐकल्यावर माणूस उतरवतो तेवढा.

अडचण अशी होती. निर्माण झालेल्या कचऱ्यापैकी किती कचऱ्यावर प्रक्रिया झाली, यावर गुण होते. येनटोल्यात निर्माण झालेला कचरा शून्य, प्रक्रिया शून्य. शून्याला शून्याने भागता येत नाही हे शाळकरी पोरांनाही कळतं. संगणकालाही ते कळलं आणि त्याने येनटोल्याला जिल्ह्यात शेवटचा क्रमांक दिला. ज्या गावाबाहेर कचरा जळत असतो आणि त्यातल्या मूठभर बाटल्या कोणी वेचलेल्या असतात, ते गाव येनटोल्यापेक्षा कितीतरी वर होतं. गणित शेवटी गणित आहे, ते कोणाचं तोंड बघत नाही.

"म्हनजे कचरा नाई म्हनून आमचं गाव घानेरडं?" गावी आल्यावर इंदुताईंनी प्रफुलला विचारलं. प्रफुल रामटेके हे गावचे ग्रामसेवक. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. मोटारसायकल तीच.)

"घानेरडं नाई जी ताई," प्रफुल म्हणाला. "अपात्र."

त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. बल्लारपुरात वाढलेला पोरगा, कचऱ्याच्या बाबतीत त्याचं बालपण समृद्ध गेलेलं. ही टंचाई त्याने कधी बघितली नव्हती.

साधनसामग्रीची मात्र कमतरता नव्हती. अभियानातून गावाला आधीच एक हिरवी शेड, घरटी दोन बादल्या, प्लास्टिक दाबून गठ्ठे करणारं यंत्र आणि बॅटरीवर चालणारी घंटागाडी मिळाली होती. हे सगळं उन्हाळ्यात कोरड्या नाल्यातून आलं. बादल्या इतक्या सुंदर होत्या की त्यांत कचरा टाकायची कोणाची छाती होईना. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या बादलीत मोहफुलं गेली, सुक्या कचऱ्याच्या निळीत बियाण्याचं धान. शेडमध्ये पंचायतीने धानाच्या तणसाचे भारे रचले. घंटागाडी चालवायचं काम इंदुताईंचे पती देवाजी यांच्याकडे आलं. इतर गावांत सरपंचबाईंचे पती पंचायत चालवतात. येनटोल्यात त्यांना गाडी दिली होती, आणि दोन्ही सुरळीत चालू होतं.

तर पूल हवा म्हणून इंदुताईंनी घंटागाडी रोज फिरवायचा आदेश काढला. गाडीला एक गाणं होतं, 'चला सख्यांनो कचरा द्या' अशा अर्थाचं, आणि ते बंद करायचं बटण नव्हतं. गाडी सुरू झाली की गाणं सुरू. देवाजी पहिल्या दिवशी निघाले आणि दुपारी भरलेली गाडी घेऊन परतले. इंदुताई धावत शेडवर गेल्या.

पहिल्या आठवड्यात जमा झालेल्या मालाचं वर्गीकरण प्रफुलने मन लावून केलं. वालाच्या शेंगा चाळीस टक्के. पपया तीस टक्के. लाखोळीची कोवळी भाजी वीस टक्के. उरलेल्या दहा टक्क्यांत एक कोंबडी. (तिने वाटेतच अंडं घातलं. ते ओल्यात धरावं की सुक्यात, याबाबत वरिष्ठांकडून मार्गदर्शन मागवलं आहे.)

"हे काय आनलं तुमी?" इंदुताईंनी नवऱ्याला विचारलं.

"लोकं देते तं मी काय करू," देवाजी म्हणाले. "गाडी दारात येते, गानं म्हनते. रिकामी कशी पाठवाची म्हनते बाया. बरं दिसते का?"

आदल्या दिवशी पपई तर इंदुताईंनी स्वतःच घातली होती. येनटोल्यात दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. फकीर असो, पोलीस असो, निवडणुकीचा उमेदवार असो. त्यात हे बिचारं यंत्र, रोज गळा काढून मागतंय.

मग ग्रामसभा झाली. विषय एकच होता, कचरानिर्मिती. प्रत्येक कुटुंबाने रोज निदान एक तरी वस्तू टाकून द्यावी असा ठराव इंदुताईंनी मांडला. लोक एकमेकांकडे बघू लागले. टाकून देण्यासारखं आपल्याकडे काही नाही हे चारचौघांत कबूल करणं कोणालाही जडच जातं. शेवटी बुधरी उठली. बुधरीच्या शेळ्या गावात सगळ्यात जास्त आणि तिची जीभ गावात सगळ्यात मोकळी.

"माझ्या घरी टाकासारखा एकच हाय," ती म्हणाली. "बुढा. त्याले कोनत्या बालटीत टाकू, ओल्या का सुक्या?"

प्रफुलने नियम बघून सांगितलं की वापरात असलेली वस्तू कचरा धरता येत नाही.

"वापरात कुठी हाय," बुधरी म्हणाली. "दिवसभर बसूनच राह्यते."

ठराव एकमताने मंजूर झाला आणि कचरा काही झाला नाही.

अशा वेळी माणूस बाहेरून मदत मागवतो. धान्य पिकलं नाही तर धान्य येतं, पाणी आटलं तर टँकर येतो. कचऱ्याच्या टंचाईलाही तोच न्याय लावावा, असा विचार प्रफुलच्या मनात आला आणि त्याने आपल्या मावसभावाला फोन लावला. मावसभाऊ एका शहराच्या स्वच्छता विभागात होता. (शहराचं नाव इथे देत नाही, कारण त्याला स्वच्छतेचं पारितोषिक मिळालेलं आहे.) कचराच ना, असं भावाने पुन्हा विचारून घेतलं. आजवर कचरा नको म्हणणारेच भेटले होते, पाहिजे म्हणणारा पहिल्यांदाच भेटत होता. दर आठवड्याला एक टेम्पो पाठवायचं त्याने लगेच कबूल केलं. शहराचा कचरा कमी झाल्याने शहराला आणखी गुण मिळणार होते, आणि येनटोल्याला कचरा मिळाल्याने येनटोल्याला. दोन्ही पक्षांचा फायदा आणि वस्तू एकच, याला अर्थशास्त्रात फार मान आहे.

टेम्पो हिवाळ्यातल्या एका सकाळी नाल्यातून हेलकावे खात आला. कचऱ्याचं वाटप रेशनकार्डावर झालं. कार्डाला दोन बादल्या, अंत्योदयला तीन. रांग लागली आणि भांडणंही लागली. "तिले थर्माकोल भेटलं, मले काऊन नाई?" "माह्या बालटीत निस्ते कागदच हाय." एका बाईने सरपंचांच्या घरी चांगला कचरा गेल्याचा आरोप केला आणि इंदुताईंनी आपली बादली तिच्या बादलीशी बदलून तो मिटवला. योजना अगदी सोपी होती. लोकांनी हा कचरा घरी न्यायचा, ओला-सुका वेगळा करायचा आणि पाहणी पथक येईल त्या दिवशी घंटागाडीत टाकायचा.

पाहणीच्या आदल्या दिवशी इंदुताई गावात फिरल्या.

कचरा संपला होता. बाटल्या धुऊन त्यांत कोणी तेल भरलं होतं, कोणी देशी वालाचं बी. बरण्यांत लोणचं. तुटक्या चपला तारेने शिवून लोकांच्या पायांत. थर्माकोलच्या खोक्यात कोंबड्या अंड्यांवर बसलेल्या. केळीची सालं वगैरे सगळा ओला विभाग शेळ्यांनी पहिल्याच संध्याकाळी निकालात काढला होता. बुधरीने तर कहर केला होता. टेम्पोतून आलेले वाढदिवसांचे फ्लेक्स तिने गोडीगुलाबीने सगळ्यांकडून जमवले आणि शेळ्यांचा अख्खा गोठा शाकारला. आता त्या गोठ्यात शेळ्यांसमोर निरनिराळ्या पक्षांचे नेते हात जोडून अहोरात्र उभे होते.

अभियानाला नेमकं हेच अभिप्रेत होतं. पण ते पथकाच्या समोर व्हायला हवं होतं, पथकाच्या आधी नव्हे. पाठीमागे झालेल्या चांगल्या कामाचा फोटो निघत नाही.

"बुधरी, एक दिवसासाठी तरी ते फ्लेक्स काढून दे," इंदुताई म्हणाल्या.

"अन् शेळ्या थंडीत मरू देऊ? तुले शेळ्याईचं मत नाई म्हनून?"

इंदुताई घरी येऊन उंबऱ्यावर बसल्या. तेवढ्यात दिव्यानीचा फोन आला. तिला आईच्या हातची मोहाची भाकर खावीशी वाटत होती. "आई, पुलाचं काई झालं का व?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं. इंदुताई म्हणाल्या, होऊन राह्यलं. मग फोन ठेवून त्या रडल्या. गावाला दुसऱ्याची घाण मागूनही जमू नये, असं काय पाप आपण केलं होतं, हे त्यांना कळेना.

पथक दुसऱ्या दिवशी आलं. गाड्या नाल्यापलीकडे ठेवून सगळे पायी आले. पथकप्रमुख नीलिमा मॅडम सज्जन आणि अभ्यासू होत्या. त्यांच्याबरोबर तज्ज्ञ होते, तज्ज्ञांबरोबर सहायक होते आणि सहायकांबरोबर खोकी होती. सीलबंद पाण्याच्या बाटल्या. चकचकीत कागदात गुंडाळलेले पुष्पगुच्छ, जे त्यांनीच आणले आणि त्यांनाच देण्यात आले. जेवणाची पाकिटं, त्यात डब्यात डबी, डबीत पुडी आणि पुडीत चिमूटभर मीठ. गावकऱ्यांना वाटायला कापडी पिशव्या, प्रत्येकीवर 'प्लास्टिकला नाही म्हणा' असं छापलेलं आणि प्रत्येक पिशवी वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. गावाने पत्रावळी मांडल्या होत्या, पण स्वच्छतेच्या कारणास्तव पथकाने आपलंच खाल्लं.

मॅडमनी शेड बघितली. शेड झाडून पुसून लख्ख होती.

"कचरा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

प्रफुलने खोकून घेतलं. मॅडमनी खेदाने मान हलवली आणि पेन उघडलं, आणि त्याच वेळी गाणं ऐकू आलं. देवाजींची रोजची फेरी. त्यांना कोणी थांबायला सांगितलं नव्हतं म्हणून ते निघाले होते. गाडी पथकासमोर येऊन उभी राहिली आणि मागू लागली. शहरात वाढलेल्या माणसाच्या अंगात त्या सुराला एक प्रतिसाद असतोच. तज्ज्ञ उठले, सहायक उठले. बाटल्या, डबे, डब्या, पुड्या, पुष्पगुच्छ, पिशव्यांची पाकिटं, सगळं गाडीत पडलं. येनटोल्याच्या इतिहासात पहिल्यांदाच घंटागाडी कचऱ्याने भरली.

बुधरी सवयीने पुढे झाली आणि तिने एका बाटलीला हात घातला. इंदुताईंनी तिचं मनगट धरलं.

"हात लावू नोको बुधरी," त्या हळूच म्हणाल्या. "बाटली नाई ते. पूल हाय आपला."

यंत्र पहिल्यांदाच सुरू झालं. आत साठलेल्या तणसासकट एक देखणा चौकोनी गठ्ठा बाहेर आला. निर्माण झालेल्या सगळ्या कचऱ्यावर तासाभरात प्रक्रिया, म्हणजे शंभरपैकी शंभर. मॅडमनी गठ्ठ्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि इंदुताईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या की असं गाव त्यांनी पाहिलं नव्हतं. हे खरंच होतं.

येनटोला तारांकित झाला. तारांकित गाव बघायला अभ्यासदौरे येऊ लागले. प्रत्येक दौरा बाटल्या, पाकिटं आणि पुष्पगुच्छ घेऊन यायचा, गाणं ऐकून ते गाडीत टाकायचा, गठ्ठा बघून भारावायचा आणि अहवालात लिहायचा की इथला कचरा आमच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. जितके दौरे जास्त तितका कचरा जास्त, जितका कचरा जास्त तितके तारे जास्त आणि जितके तारे जास्त तितके पुन्हा दौरे. हे चक्र इतकं निर्दोष होतं की त्यात येनटोल्याच्या माणसांची गरजच उरली नव्हती.

पूल मात्र वर सरकत होता, खाली येत नव्हता. फाल्गुन गेला. मग चैत्रात एका दुपारी, नीलिमा मॅडम बाहेरच्या राज्यातल्या पाहुण्यांना घेऊन गावात आलेल्या असताना, अवकाळी आभाळ फुटलं. नाला भरला. फोनला रेंज नव्हती. (आभाळ आलं की रेंज फक्त गावाबाहेरच्या येनाच्या झाडाच्या तिसऱ्या फांदीवर येते, आणि पाहुण्यांपैकी कोणाला चढता येत नव्हतं.) बाटल्यांतलं पाणी संपलं तेव्हा पाहुणे भोपळ्याच्या तुंब्यातलं प्यायले, पाकिटं संपली तेव्हा पत्रावळीवर भात आणि अंबाडीची भाजी जेवले, आणि त्या दिवशी गावात कचरा अजिबात निर्माण झाला नाही. अंधार पडायच्या आत पाणी ओसरलं आणि देवाजींनी एकेकाला हात धरून पलीकडे पोचवलं.

येनटोला पिढ्यान्पिढ्या अडकत आला होता, ती भौगोलिक परिस्थिती होती. पाहुणे एक दुपार अडकले, ती आपत्ती ठरली. पूल लगेच मंजूर झाला, यंत्रं आली, वैशाख-जेठात रात्रंदिवस काम झालं आणि मृगाच्या पहिल्या सरीला पूल उभा होता. त्यावरच्या फलकावर 'अभ्यागतांच्या सोयीसाठी' असं लिहिलं आहे. गावकऱ्यांनी तो वापरू नये असं कुठेही लिहिलेलं नाही, हे प्रफुलने दोनदा वाचून खात्री करून घेतलं.

दिव्यानी आषाढात माहेरी आली. इंदुताई पुलावर उभ्या राहून वाट बघत होत्या आणि खाली नाला दुथडी भरून चालला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तो सुंदर वाटला.

श्रावणात कळा सुरू झाल्या तेव्हा पाऊस होता. रुग्णवाहिका वेळेवर निघाली, वेळेवर पुलाशी आली आणि पलीकडेच थांबली, कारण अलीकडच्या तोंडाशी अभ्यासदौऱ्याची बस उभी होती आणि पूल एका गाडीपुरता होता. बस मागे घ्यायला चालक तयार होता, पण आतली मंडळी पुराचे फोटो काढायला पुलावर उतरलेली होती. इंदुताईंनी एकदा तिकडे बघितलं आणि देवाजींना हाक मारली. घंटागाडीत तणस घातलं, त्यावर गोधडी, गोधडीवर दिव्यानी, वर छत्री. गाडी सुरू झाली आणि गाणं सुरू झालं.

गाणं ऐकून बाया दारात आल्या. आत कोण आहे ते त्यांनी बघितलं, पण दारात आलेल्या गाडीला रिकामं पाठवायचं तरी कसं. कोणी जुन्या लुगड्याची मऊ दुपटी टाकली, कोणी सुंठ, कोणी डिंक, मंगलीने आपल्या पोराचं झबलं. बुधरीने एक फ्लेक्स आणून दिव्यानीच्या पायांवर पांघरला, पाऊस लागू नये म्हणून. गाडी बसच्या कडेने पुलावर पोचली तेव्हा दौऱ्याची मंडळी सुरांना ओळखून बाजूला झाली आणि त्यांनी सवयीने हातातल्या बाटल्या आत टाकल्या. पलीकडे रुग्णवाहिका उभी होतीच. धानोऱ्याच्या दवाखान्यात संध्याकाळी मुलगी झाली. इंदुताईंनी तिला हातात घेतलं आणि त्यांना आपण कशाकशासाठी काय काय केलं ते सगळं आठवलं, आणि त्यातलं काहीही पुन्हा करावं लागलं तरी करू असं वाटलं. पाचव्या दिवशी घरी आणून पहिलं न्हाऊ त्यांनीच घातलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पूल आहे म्हटल्यावर बस थांबत नाही. आता रोज दौरे येतात. शेडमध्ये गठ्ठे छपराला लागले आहेत, कारण ते न्यायला कोणी येत नाही. गठ्ठा बघायला सगळे येतात. बुधरीलासुद्धा आता बाटली नको झाली आहे. तिच्या घरात तेल कमी आणि बाटल्या जास्त झाल्या. शहराचा टेम्पोही अजून येतो, कारण मावसभावाला नाही म्हणायचं प्रफुलच्या जिवावर येतं.

यावर इंदुताईंनीच तोडगा काढला, आणि तो गावच्या रीतीला धरूनच आहे. दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. आता दौरा निघाला की गावातल्या बाया पुलापाशी उभ्या राहतात आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक पुडा ठेवतात. पळसाच्या हिरव्यागार पानांत बांधलेला, माहुलीच्या वेलाच्या वाखाने आवळलेला. पाहुणे हरखतात. रानमेवा असणार म्हणून पुडा जपून मांडीवर ठेवतात, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि घरी पोचेपर्यंत तो कोणी सोडत नाही. पुड्यात त्यांचीच बाटली असते, त्यांच्याच जेवणाची पाकिटं आणि त्यांच्या पुष्पगुच्छाचा कागद. सगळं स्वच्छ धुतलेलं.

आजवर एकाही पाहुण्याने तक्रार केलेली नाही. असं आपल्या एकट्यालाच मिळालं असावं, असं प्रत्येकाला वाटतं, आणि हे कोणाला सांगण्यापेक्षा टाकून दिलेलं बरं वाटतं.

तुम्हीही कदाचित येऊन गेला असाल. तुमचाही पुडा तुम्ही घरी नेऊन सोडला असेल, आत बघितलं असेल आणि इकडेतिकडे बघून ते आपल्या दारातल्या गाडीत टाकलं असेल. मनाला लावून घेऊ नका. ते मागच्या मंगळवारी टेम्पोने पोचलं. इंदुताईंनी ओळखलं, धुतलं आणि पानांत बांधून तुमच्या नावाने बाजूला ठेवलं आहे. या कधी.